पंधरा सेकंदांचा नाकाता

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या लहान गटाच्या संघात लेफ्ट विंगला खेळतो. गेल्या मे महिन्यात त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "मामा, हा नाकाता तू खेळताना बघितलायस काय? कसला भारी गडी हाय!" पडद्यावर इटलीतल्या पेरुजा क्लबचा लाल शर्ट, पाठीवर सात नंबर, रंगवलेले केस. एक गोल. मग काळा गॉगल लावून फॅशन शोच्या पहिल्या रांगेत बसलेला तोच माणूस. मग आणखी एक गोल, वरून दणदणीत संगीत. पंधरा सेकंदांत सगळं आटोपलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मी विचारलं, हा गोल कुणाविरुद्धचा? त्याला माहीत नव्हतं. सामना जिंकले की हरले? तेही नाही. त्याच्याकडं व्हिडिओ गेममधलं नाकाताचं 'आयकॉन' कार्ड आहे, त्यामुळं पासिंगचा आकडा, वेगाचा आकडा तोंडपाठ. खेळणं कधी सोडलं त्यानं, असं विचारल्यावर म्हणाला, "गुडघा गेला असंल." एकोणतिसाव्या वर्षी धडधाकट माणूस आपण होऊन फुटबॉल सोडतो, हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

जपानच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या हिदेतोशी नाकातानं मैदान सोडलं त्याला वीस वर्षं होत आली. तो खेळायचा तेव्हा त्याच्या गोलांचे तुकडे असे हातोहात फिरवायची सोय नव्हती. आज ती आहे, आणि त्याची निवृत्ती झाल्यावर जन्मलेली पोरं त्याची चाहती झाली आहेत. सुरुवातीला मलाही याचा आनंदच झाला. आपला आवडता खेळाडू पुढच्या पिढीला आवडतोय म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? पण भाच्याशी तासभर बोलल्यावर माझं मत बदललं. ज्या माणसानं आयुष्यभर 'माझं म्हणणं माझ्याच शब्दांत लोकांपर्यंत जाईल' असा हट्ट धरला, त्याचा आवाज बंद करून आपण त्याचा नुसता चेहरा फिरवतो आहोत. या लोकप्रियतेत नाकाता कमी आणि त्याचे केस जास्त आहेत. यात त्याच्यावर अन्याय होतो, आणि तो करणारे आपण चाहतेच आहोत.

तो हट्ट कुठून आला, ते सांगायला हवं. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला आणि वीस वर्षांचा नाकाता रातोरात देशाचा लाडका झाला. पुढच्या दीड-दोन महिन्यांतच एका मोठ्या दैनिकात त्याचं राष्ट्रगीताबद्दलचं मत छापून आलं. हे गाणं ऐकून उत्साह मावळतो, लढायच्या आधी म्हणायचं हे गाणं नाही, अशा अर्थाचं. कडव्या उजव्या गटांचा रोष ओढवला, धमक्या आल्या. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला त्या दिवसांत काय वाटलं असेल, ते त्यालाच ठाऊक. पण त्यानंतर त्यानं पत्रकारांसाठी दार जवळजवळ लावून घेतलं आणि १९९८ मध्ये स्वतःचं संकेतस्थळ काढलं. आज प्रत्येक खेळाडूचं खातं असतं, सकाळच्या नाश्त्यापासून सगळं आपल्याला दिसतं. तेव्हा खेळाडूनं मधल्या माणसाला बाजूला सारून थेट चाहत्यांशी बोलायचं, ही गोष्टच नवी होती. पुढची आठ वर्षं त्याला जे सांगायचं होतं ते त्यानं तिथं लिहिलं. ३ जुलै २००६ रोजी निवृत्तीही तिथंच जाहीर केली.

निवृत्तीच्या आधीची ती डॉर्टमुंडची रात्र मी जागून पाहिली होती. २२ जून २००६, जर्मनीतला विश्वचषक, जपान विरुद्ध ब्राझील. आपल्याकडं साडेबारा वाजून गेले होते. आमच्या गल्लीत ब्राझीलचे पिवळे झेंडे लागलेले, त्यामुळं चौकातला सगळा जल्लोष ब्राझीलच्या बाजूनं. तामादानं जपानला आघाडी मिळवून दिली तेव्हा क्षणभर शांतता पसरली. मग रोनाल्डो, ज्युनिन्यो, जिल्बेर्तो, पुन्हा रोनाल्डो. १-४. सामना संपला, खेळाडू आत जायला लागले, आणि नाकाता मधल्या वर्तुळाजवळ आकाशाकडं तोंड करून आडवा झाला. रडत होता. सहकारी जवळ येऊन गेले. तो कितीतरी मिनिटं उठला नाही. गल्लीतले लोक उठून घरी गेले, मी बसून राहिलो. हा माणूस पराभवासाठी इतका वेळ रडत नसणार, एवढं मला तेव्हाही जाणवलं होतं.

आता ती दृश्यं पियानोच्या करुण सुरांवर फिरतात आणि खाली मजकूर असतो: या पराभवानं त्याचं मन मोडलं, या रात्री त्यानं बूट खुंटीला टांगले. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तो पुढं पाठवतो. पण नाकातानं स्वतः लिहिलेल्या निरोपात याच्या नेमकं उलट आहे. या विश्वचषकानंतर थांबायचं हे सहा महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आठ वर्षांचा असताना यामानाशीतल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात, थंडीच्या दिवसांत, आपला फुटबॉलचा प्रवास सुरू झाला, इथून तो निरोप सुरू होतो. म्हणजे डॉर्टमुंडला आडवा झालेला माणूस हे आपलं शेवटचं मैदान आहे हे जाणून तिथं पडला होता. आजूबाजूच्या बाविसांत, प्रेक्षकांत, टीव्हीपुढच्या कोट्यवधींत हे फारच थोड्यांना माहीत असेल. हे कळल्यावर ते दृश्य कितीतरी मोठं होतं. आपण मात्र हरलेल्या खेळाडूचं रडणं म्हणून ते वाटत बसलो आहोत. चुकीची बातमी छापली म्हणून तो वर्तमानपत्रांपासून दूर गेला, असं म्हणणारे चाहते त्याच्याबद्दल तीच चूक रोज करतात.

तुकड्यानं आणखी काय हरवतं, ते ट्युरिनच्या सामन्यात दिसतं. ६ मे २००१. युव्हेंटसच्या मैदानावर नाकाताचा तेव्हाचा क्लब रोमा. आज फिरतो तो तुकडा असा: नाकाता चेंडू घेऊन पुढं येतो, पंचवीस-तीस यार्डांवरून उजव्या पायानं फटका, चेंडू वरच्या कोपऱ्यात. गोल सुरेखच आहे, शंभर वेळा पाहिला तरी कंटाळा येत नाही. पण त्याच्या आधीचं काय? तो मोसम नाकाता बहुतेक बाकावर बसून काढत होता, कारण त्याच्या जागेवर रोमचा लाडका कर्णधार तोत्ती खेळायचा. बाकावर बसणंही हक्काचं नव्हतं. युरोपियन युनियनबाहेरच्या देशांच्या तीनच खेळाडूंना सामन्याच्या यादीत घेता येईल, असा इटलीत नियम होता आणि जपानी पासपोर्टवाला नाकाता त्या हिशेबात अनेकदा बाहेर राहायचा. तो नियम या सामन्याच्या अवघे काही दिवस आधी उठला. युव्हेंटसनं पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल केले, देल पिएरो आणि झिदान. तासाभराच्या खेळानंतर प्रशिक्षक कापेलोनं तोत्तीला, हो, तोत्तीला बाहेर काढून नाकाताला आत पाठवलं. ७९ व्या मिनिटाला तो गोल. मग शेवटच्या मिनिटाला पुन्हा त्याचाच दुरून फटका, युव्हेंटसचा गोलकीपर व्हॅन देर सारच्या हातून चेंडू निसटला आणि रोमाच्या माँतेल्लानं तो आत ढकलला. २-२.

मोसमाअखेर रोमाचे ७५ गुण, युव्हेंटसचे ७३. ट्युरिनला रोमा हरली असती तर हेच आकडे ७४ आणि ७५ झाले असते आणि विजेतेपद युव्हेंटसकडं गेलं असतं. महिनोन्‌महिने वाट पाहायची, नियमानं बाहेर ठेवलं तरी सराव सोडायचा नाही, अर्धा तास मिळाला की अख्ख्या मोसमाचा निकाल फिरवायचा आणि तरीही त्याच उन्हाळ्यात क्लब आपल्याला पार्माला विकणार हे स्वीकारायचं. माझ्या भाच्याला, जो स्वतः दर रविवारी बाकावर बसून चिडतो, यातलं काय उपयोगी पडेल? केसांचा रंग की हे?

पेरुजाचंही तेच. सप्टेंबर १९९८ मध्ये तो इटलीत उतरला तेव्हा जपानी पर्यटकांना शर्ट विकण्यासाठी हा पोरगा आणलाय, असं उघड बोललं जायचं. पहिलाच सामना गतविजेत्या युव्हेंटसशी. नाकातानं दोन गोल केले. तुकड्यात ते दोन गोल दिसतात, पेरुजा तो सामना ३-४ हरली हे दिसत नाही. त्या मोसमात त्यानं दहा गोल केले आणि शर्टांचं बोलणं बंद पडलं. आशियातला खेळाडू इटलीत मधल्या फळीत खेळ चालवू शकतो, हे युरोपला पटवायला लागलेला तो काळ होता. आज जपानचे खेळाडू युरोपभर खेळतात ते त्या वाटेवरून.

यावर माझ्याच वयाचे मित्र म्हणतात, "तुझं ठीक आहे, तू पाहिलंयस. पोरांना नाकाता कळला तरी कुठून असता?" हे खरं आहे आणि ते मी मान्य करतो. त्या पंधरा सेकंदांशिवाय भाच्यानं मला प्रश्नच विचारला नसता. दार उघडायला तुकडा उपयोगी आहे. माझी तक्रार एवढीच की दार उघडल्यावर आत कुणी जाऊ नये अशीच सगळी रचना आहे. एक तुकडा संपला की दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा. तारीख नाही, प्रतिस्पर्धी नाही, निकाल नाही. ज्यांची कमाई आपण पडद्यावर किती वेळ घालवतो यावर चालते, त्यांना आपण नव्वद मिनिटं एका जागी बसणं परवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नाकाता काही संन्यासी नाही. तो फॅशन शोला जातो, जाहिराती करतो, आपल्या नावावर व्यवसाय करतो. मग त्याच्या चेहऱ्याचा लोकांनी वापर केला तर बिघडलं कुठं? बिघडतं ते असं. तो लोकांपुढं येतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचं असतं, आणि नेमकं तेवढंच आपण कापून टाकतो. निवृत्तीनंतर तो तीनेक वर्षं जगभर हिंडला. तेव्हा जपानमधल्या इंटरनेटवर त्याची थट्टा व्हायची. 'ताबिबितो', म्हणजे प्रवासी, स्वतःला शोधत फिरणारा रिकामटेकडा, असा त्या शब्दाला वास असायचा. ज्या वयात खेळून पैसे मिळवायचे त्या वयात हा भटकतोय, याचा लोकांना राग होता. परदेशात जो भेटेल तो जपानबद्दल विचारायचा आणि आपल्याच देशाबद्दल आपल्याला काही सांगता येत नाही, हे त्या भटकंतीत त्याच्या लक्षात आलं. २००९ मध्ये त्यानं ओकिनावापासून जपानचे सत्तेचाळीसही प्रांत पालथे घालायला सुरुवात केली. कुंभार, विणकर, शेतकरी, साके गाळणारे कारागीर, यांच्या कामाच्या जागी जाऊन बसला.

साके म्हणजे तांदळाची दारू. तांदूळ घासून घासून त्याचा गाभा तेवढा ठेवतात, उत्तम प्रतीच्या साकेसाठी निम्मा दाणा घासून टाकतात, मग कोजी नावाची बुरशी लावून ती मुरवतात. जपानमध्ये तिचा खप १९७० च्या दशकात शिखरावर होता, आता तो पाव हिश्श्याच्या आसपास आला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे कारखाने बंद पडले. शेकडो कारखाने पाहून झाल्यावर नाकाताला एक साधी अडचण दिसली: परदेशातल्या गिऱ्हाइकाला बाटलीवरचं लेबलच वाचता येत नाही, मग चांगली आवडली तरी दुसऱ्यांदा तीच मागायची कशी? त्यानं २०१५ मध्ये कंपनी काढली, लेबल समजावून सांगणारं अ‍ॅप तयार करवलं, २०१६ पासून टोकियोच्या रोप्पोंगी भागात साकेचा महोत्सव भरवायला घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये कोजी वापरून साके बनवण्याच्या पारंपरिक विद्येला युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. ते काही एकट्या नाकाताचं श्रेय नाही. पण बुडत चाललेल्या कामाला आपलं नाव देणाऱ्यांत तो होता. आपल्याकडं पैठणीच्या, घोंगडीच्या, हुपरीच्या चांदीच्या कारागिरांसाठी एखाद्या निवृत्त क्रिकेटपटूनं पंधरा वर्षं अशी घालवली असती, तर आपण त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो. नाकाताच्या बाबतीत त्या पंधरा वर्षांतून आपल्या हाती काय येतं? महोत्सवातला त्याचा कोट आणि गॉगल.

खेळ सोडण्याच्या बाबतीत जपानच्याच काझुयोशी मिउरा या फुटबॉलपटूनं नाकाताच्या उलट केलं. १९६७ चा जन्म, आणि पन्नाशी उलटून गेल्यावरही तो व्यावसायिक संघांत खेळत राहिला. मला दोघंही तेवढेच आवडतात. खेळ कधी सोडायचा हे खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं. मिउराला 'आता पुरे' म्हणायचा आपल्याला जसा अधिकार नाही, तसाच नाकाताला कायमचा २००१ मध्ये अडकवून ठेवायचाही नाही.

ही लोकप्रियता कशाचं माप आहे, याचाही विचार करायला हवा. ज्याच्याभोवती कॅमेरे जास्त, त्याचे तुकडे जास्त. आराता इझुमी आठवतो का? जपानमध्ये वाढलेला, वडील गुजराती, आई जपानी. २००६ मध्ये भारतात आला, कोलकात्यानंतर मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून आणि मग बरीच वर्षं पुणे एफसीकडून खेळला. भारताच्या संघात फक्त भारतीय नागरिकालाच घेता येतं, म्हणून त्यानं २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं. नीलकंठ खंबोळजा हे नाव घेतलं आणि पुढच्याच वर्षी भारताचा शर्ट घातला. जगात सगळीकडं चालणारा पासपोर्ट देऊन क्रमवारीत दीडशेच्या पलीकडं असलेल्या संघाची जर्सी घेणारा खेळाडू! बालेवाडीत त्याला खेळताना पाहिलेले लोक पुण्यात आजही भेटतील. पण त्या सामन्यांचे तुकडे कुणी फिरवत नाही. महिंद्रा युनायटेड बंद झाली, पुणे एफसी बंद झाली, त्यांच्या सामन्यांचं चित्रण कुठल्या कपाटात आहे कुणास ठाऊक. माझ्या भाच्याला, महाराष्ट्रात फुटबॉल खेळणाऱ्या पोराला, हे नावही ठाऊक नव्हतं. यात त्याचा काय दोष?

म्हणून मला दोन गोष्टी हव्यात. पहिली, लीग आणि फुटबॉल संघटनांनी जुने सामने पूर्ण, फुकट आणि तारीखवार उघडे ठेवावेत. फिफानं २०२२ मध्ये विश्वचषकांचे जुने सामने असे पाहायला ठेवले, म्हणजे ते अशक्य नाही. इटलीच्या लीगनं करावं, आपल्या फुटबॉल महासंघानं तर आधी करावं, कारण आपलं चित्रण गंजून जाण्याच्या वाटेवर असेल. दुसरी गोष्ट चाहत्यांसाठी. तुकडा पुढं पाठवताना सामना, तारीख आणि निकाल एवढ्या तीन गोष्टी लिहा. पन्नास अक्षरं होतात. डॉर्टमुंडचं दृश्य टाकलंत तर त्याचा निरोप आधी वाचा. मोबाइलमध्ये भाषांतराची सोय आहे, दहा मिनिटं लागतात.

भाच्याबरोबर मी एका रविवारी मलेशियातल्या जोहोर बारूचा सामना लावला. १६ नोव्हेंबर १९९७, जपान विरुद्ध इराण, जिंकेल तो विश्वचषकाला जाणार. याचा जो तुकडा फिरतो त्यात नाकाताचा फटका इराणचा गोलकीपर अडवतो आणि जपानचा ओकानो घसरत येऊन चेंडू आत ढकलतो, एवढंच आहे. पूर्ण सामना दोन तासांचा. पहिल्या अर्ध्या तासात भाचा दोनदा मोबाइलकडं वळला. मग नाकाताच्या पासवर नाकायामानं गोल केला, विश्रांतीनंतर इराणच्या अझीझी आणि अली दाईनं दोन फेडले, आणि भाच्यानं मोबाइल पालथा ठेवून दिला. मिउराला बाहेर बोलावलं तेव्हा तो स्वतःकडं बोट दाखवून "मी?" असं विचारत होता. भाचा म्हणाला, "ह्याला कशाला काढला?" नाकातानं डावीकडून उचललेल्या चेंडूवर शोजी जो या खेळाडूचं हेडर, २-२.

जादा वेळेत ओकानो आला आणि संधी घालवायला लागला. एकदा तर समोर फक्त गोलकीपर असताना त्यानं फटका मारायचा सोडून चेंडू नाकाताकडं सरकवला. भाचा कॉटवरून उठून उभा राहिला, "मार की रं! मार की!" नाकाताच्या तोंडावर राग नव्हता. तो मागं गेला, चेंडू घेतला, पुन्हा ओकानोकडंच दिला. पुन्हा चुकला. पुन्हा दिला. भाचा आता खाली बसला होता आणि ओकानोकडं बघायचं सोडून नाकाताकडं बघत होता. ११८ व्या मिनिटाला तो शेवटचा फटका आला, गोलकीपरनं अडवला, ओकानो धावला. रोज मोबाइलवर पाहिलेला तो गोल झाला तेव्हा भाचा माझ्या खांद्याला धरून ओरडत होता.